अॅनसी तलाव : पूर्ण फेरी मारायचा हट्ट सोडा

फ्रेंच आल्प्समधल्या अॅनसी तलावाभोवती सायकलची फेरी साधारण ४० किलोमीटरची. पण निवांत दिवस हवा असेल, तर अॅनसी शहरातून पश्चिम काठानेच दक्षिण टोकाच्या दुसार गावापर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. हा सायकलमार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर आहे, त्यामुळे चढ जवळपास नाहीच. वाटेत द्वँ गावापाशी रेल्वेचाच जुना बोगदा लागतो. उन्हातून आत शिरलं की गारवा अंगाला झोंबतो आणि क्षणभर नीट दिसत नाही, तेव्हा गॉगल आधीच काढा. पूर्वेकडे ताल्वारजवळ चांगलाच चढ आहे, गाड्याही जास्त. पाय शिवशिवत असतील तर दुसारहून कोल द ला फोर्क्लाझ खिंड आहेच, सुमारे ११५० मीटर उंचीवर. पण मग त्याला निवांत म्हणू नका!

उजवीकडूनच चालवायचं, हे वळणावर हमखास विसरतं. जेवण बारा ते दोनमध्ये उरका, नंतर बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद होतं. सकाळीच बेकरीतून पाव आणि चीज घेतलं तर ही घाईच नको. आणि जुलै-ऑगस्टच्या रविवारी मार्गावर खूप गर्दी असते, त्यामुळे लवकर निघा.