शुक्रवारी उतरायचं, रविवारी निघायचं: मित्रांबरोबरच्या पुणे सहलीची तयारी

आमचा कॉलेजचा सहा जणांचा ग्रुप वर्षातून एकदा पुण्यात जमतो. तिघं मुंबईहून येतात, एक नागपूरहून, एक कोल्हापूरहून, आणि मी इथलीच. दर वेळी ग्रुपवर तेच प्रश्न येतात, म्हणून यंदा सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. तुमचीही मंडळी येणार असतील तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी तारीख पक्की करा. गणेशोत्सवात यायचं असेल तर फक्त गणपती बघायलाच या. तेव्हा पेठांतले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद असतात, खोल्या मिळत नाहीत, आणि काही दिवस दारूविक्रीही बंद असते. आरामात हिंडायचं, खायचं, रात्री बसायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवसा ऊन चांगलं असतं, रात्री मात्र गारठा पडतो, तेव्हा एक स्वेटर बॅगेत हवाच. तारीख ठरली की कॅलेंडर काढून ड्राय डे आणि कोणाकोणाचे उपवास तेवढे बघून घ्या. संकष्टी नेमकी मिसळीच्या दिवशी आली की जीव हळहळतो.

मुंबईकरांनी रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं हे लक्षात ठेवावं. 1930 पासून धावणारी डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी 5:10ला सुटते आणि साडेआठच्या आत पुण्यात आणून सोडते. शुक्रवारी ऑफिसातून तासभर लवकर निघता आलं तर याहून चांगली सुरुवात नाही. गाडीनं येणार असाल तर रात्री पिणार नाही असा एक जण आधीच ठरवा. तो कोण, हे टेबलावर बसल्यावर ठरत नाही.

राहायला डेक्कन किंवा शिवाजीनगर बघा. पुण्यात तुमचा दिवस जाणार पेठांत आणि रात्र जाणार कॅम्प, कोरेगाव पार्क, कल्याणीनगरकडे, म्हणजे शहराच्या दोन टोकांना. डेक्कन मधोमध पडतं आणि वनाज–रामवाडी मेट्रो तिथूनच जाते. खोली घेताना फोनवर दोन गोष्टी स्पष्ट विचारा. रात्री दोनला परतलो तर फाटक उघडं असेल का? आणि ग्रुपमधल्या पुणेकराला स्थानिक पत्त्याच्या ओळखपत्रावर खोली देतात का? बरीच हॉटेलं देत नाहीत. मलाच एकदा सगळे खोलीत गप्पा मारत असताना रात्री साडेबाराला रिक्षा करून घरी जावं लागलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओळखपत्र प्रत्येकानं आपापलं, मूळ, खिशात ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीचा धाकटा भाऊ आमच्याबरोबर होता. वय बावीस, आधार कार्ड हॉटेलवर, मोबाइलमध्ये फक्त एक पुसट फोटो. कल्याणीनगरच्या एका पबच्या दारावर त्याला अडवलं. आम्ही सहाही जण बाहेर पडलो आणि फुटपाथवर उभं राहून पुढे कुठे जायचं यावर अर्धा तास घालवला. तो बिचारा सारखा ‘सॉरी ताई, सॉरी ताई’ म्हणत होता. चूक त्याची नव्हतीच, आम्हीच सांगायला हवं होतं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, आणि व्हिस्की, रम वगैरेंसाठी 25. मंडळींत कोणी या दोहोंच्या मधलं असेल तर ऑर्डर देतानाही हे ध्यानात ठेवा.

शनिवारी टेबल आधी बुक केल्याशिवाय निघू नका. फोन करून एंट्री फी किती, नुसत्या मुलांच्या ग्रुपला आत सोडतात का, हे विचारा. पब रात्री दीडला बंद होतात आणि शेवटची ऑर्डर त्याआधी घेतात. म्हणून अकराला पोचून काही हाती लागत नाही, साडेआठ-नऊला जाऊन बसा. मेट्रो अकराच्या सुमारास संपते. परतीची कॅब बिल मागवतानाच बुक करा, कारण दीडला सगळेच एकदम रस्त्यावर येतात. रिक्षात कायद्यानं तिघंच बसतात, म्हणजे सहा जणांना दोन रिक्षा. दोन्हींत रस्ता माहीत असलेलं एकेक माणूस हवं.

ज्यांना पब नको त्यांच्यासाठीही रात्र रिकामी नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिरात रात्री साडेनऊचा नाटकाचा प्रयोग असला तर तिकिटं आठवडाभर आधी काढा. गेल्या वर्षी आम्ही शुक्रवारी नाटक आणि शनिवारी पब असं केलं. नागपूरचा मित्र अजूनही त्या नाटकाबद्दलच बोलतो.

दिवसाच्या भटकंतीसाठी जुने, पायाला सवय असलेले बूट घाला. शनिवारी सकाळी मिसळीला नऊच्या आत पोचा, मग शनिवारवाडा. जायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवा की आत महाल नाही. पहिल्या बाजीरावांनी 1730 मध्ये पाया घातलेला हा वाडा 1828 च्या आगीत जळला. उरले आहेत तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याची जागा. हे माहीत नसलं की माणसं दहा मिनिटांत बाहेर येतात. माहीत असलं की दिल्ली दरवाजापाशी थांबतात. मान वर करून बघा, फळ्यांवरचे टोकदार खिळे हत्तीचं कपाळ जिथे धडकेल त्या उंचीवर ठोकलेले आहेत.

तिथून चालत शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय गाठा आणि त्याला दोन तास द्या. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हे उभारलं. वीस हजारांवर वस्तू त्यांनी आयुष्यभर हिंडून जमवल्या. मी दर वेळी अडकित्त्यांपाशी रेंगाळते. सुपारी कातरायच्या एवढ्याशा हत्याराला कोणा कारागिरानं पोपटाचा, कोणी घोड्याचा आकार दिला आहे, आणि तो कुणा बाईच्या पानाच्या तबकात रोज वापरात होता. संग्रहालय संध्याकाळी साडेपाचला बंद होतं, म्हणून हे जेवणानंतरवर ढकलू नका.

मंडई, तुळशीबाग त्याच वाटेवर आहेत. पाय थकले की मंडई स्थानकातून मेट्रो पकडा आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलून डेक्कनला परत या. दुपारी दोन तास झोपा, रात्र मोठी आहे. कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूसबेरी बिस्किटं न्यायची असतील तर ते शनिवारीच उरका. दुपारी काही तास आणि रविवारी बेकरी बंद असते.

रविवारी घाई नको. डेक्कनच्या गुडलक कॅफेमध्ये बनमस्का आणि चहा, मग आगाखान पॅलेस. 1942 ते 1944 गांधीजी इथे नजरकैदेत होते, आणि महादेवभाई देसाई व कस्तुरबा दोघंही इथेच गेले. त्यांच्या समाध्यांपाशी आमची सगळ्यात बडबडी मैत्रीणसुद्धा आपोआप गप्प होते. सिंहगड याच सहलीत कोंबू नका, त्याला स्वतंत्र दिवस आणि पहाटेची सुरुवात हवी.

पैशांचं आधी बोला. आम्ही प्रत्येकी सारखी काँट्री काढून एकाकडे देतो, त्यातून रिक्षा, तिकिटं, नाश्ता. दारूचं बिल मात्र वेगळं, टीटीएमएम, म्हणजे तू तुझं मी माझं. न पिणाऱ्याला ते मागावं लागू नये, आपणच सांगावं. ओआरएस, डोकेदुखीची गोळी, पॉवर बँक आणि थोडी रोकड एकाच पिशवीत असू द्या.

परतीला दुपारची डेक्कन एक्स्प्रेस किंवा संध्याकाळची इंद्रायणी. बॅगेत बाकरवडीपुरती जागा ठेवा, आणि जमलं तर स्टेशनवर जायच्या आधी सदाशिव पेठेत एक मस्तानी, म्हणजे वर आइस्क्रीम घातलेलं दाट मिल्कशेक. एका ग्लासात दोन चमचे मागा, एकट्याला संपत नाही.