केसगळतीसाठी लाल प्रकाशाचे उपचार घरच्या घरी कसे घ्यावेत

नाशिकमध्ये केस गळू लागले की पहिले खापर बोअरच्या पाण्यावर फुटते आणि दुसरे हेल्मेटवर. जड पाण्याने केस राठ होऊन मधूनच तुटतात आणि हेल्मेटमधल्या घामाने कोंडा व खाज वाढते, हे खरे. पण डोक्यावरचे केस वर्षागणिक विरळ होत जाण्याचे कारण बहुधा आनुवंशिकता आणि संप्रेरके यांत असते. कमी तीव्रतेच्या लाल प्रकाशाचे उपचार, म्हणजे लो लेव्हल लाइट थेरपी, मुख्यतः याच प्रकारच्या केसगळतीसाठी आहेत आणि तेही पूरक म्हणून, त्यामुळे यंत्र मागवण्याआधी निदान करून घेणे ही पहिली पायरी होय.

पुरुषांमध्ये कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकणे व माथ्यावरचे केस विरळ होणे, स्त्रियांमध्ये भांग रुंदावत जाणे, ही या प्रकाराची लक्षणे. याउलट, पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाचे केस दिवाळीच्या सुमारास एकदम मूठमूठ गळू लागतात. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर किंवा कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी ही गळती बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत आपोआप थांबते व केस परत येतात. तिथे यंत्रावर पैसे घालणे व्यर्थ आहे. चाईमुळे पडलेल्या गोल चट्ट्यांचे उपचार वेगळे असतात, आणि जिथे त्वचा गुळगुळीत, चकचकीत होऊन केसांची मुळेच नष्ट झाली आहेत तिथे प्रकाश काहीही उगवू शकत नाही. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाला टाळू दाखवावी आणि त्यांनी सांगितल्यास हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) व थायरॉईडच्या तपासण्या करून घ्याव्यात. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या ‘हेअर क्लिनिक’मध्ये जायचे असेल, तर समोर बसलेली व्यक्ती खरोखर त्वचारोगतज्ज्ञ आहे की केवळ समुपदेशक, हे विचारण्यात संकोच करू नये.

या उपचारांचा शोध अपघाताने लागला. बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी 1967 मध्ये कमी शक्तीच्या लेझरचा परिणाम उंदरांवर तपासला, तेव्हा प्रकाश पडलेल्या भागावर भादरलेले केस लवकर उगवल्याचे त्यांना दिसले. आज वापरला जाणारा प्रकाश साधारण 630 ते 670 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल असतो. पेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग, तो शोषून घेतात, पेशीला अधिक ऊर्जा मिळते आणि केसाचा वाढीचा काळ लांबतो, अशी त्यामागची मांडणी आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरणांच्या नियामक संस्थेने 2007 मध्ये पुरुषांसाठी लेझर कंगव्याला विक्रीची परवानगी दिली. जाहिरातींत याचा मोठा गाजावाजा असतो; मात्र उपकरणाला मिळणारी ही परवानगी नव्या औषधाच्या मान्यतेइतक्या कठोर कसोटीची नसते आणि या विषयावरच्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च उत्पादकांनीच उचललेला आहे, हे लक्षात ठेवावे.

यंत्र कंगव्याच्या, पट्टीच्या किंवा टोपीच्या रूपात मिळते. कंगवा स्वस्त पडतो, पण तो हातात धरून डोक्यावर सावकाश फिरवत बसावे लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याला टोपी सोयीची, कारण ती घालून दुसरे काम करता येते. तरंगलांबी छापलेली नसेल तर ते यंत्र घेऊ नये.

वापराच्या दिवशी टाळू स्वच्छ व कोरडी असावी. आपल्याकडे रात्री तेल चोपडून झोपण्याची सवय आहे, तेव्हा तेल लावलेले असल्यास आधी डोके धुवावे. केस दाट दिसावेत म्हणून लावलेली पावडरही काढून टाकावी. केसांवर पडलेला प्रकाश वाया जातो. तो त्वचेवरच पोहोचायला हवा. म्हणून टोकदार दांडीच्या कंगव्याने बोटभर अंतरावर भांग पाडत जावे आणि प्रत्येक भांगात टाळूची रेघ उघडी पडली की मग यंत्र टेकवावे. लांब केसांच्या स्त्रियांनी ही पायरी टाळल्यास टोपी घालूनही फारसे साधत नाही. मिनॉक्सिडिल हे केसवाढीसाठी टाळूला लावायचे औषध चालू असेल तर ते प्रकाशानंतर लावावे. उजेडाकडे थेट पाहू नये.

बहुतेक यंत्रे एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा, दहा ते तीस मिनिटे वापरायची असतात; नेमका वेळ त्या यंत्राच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावा. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसू नये, कारण इथे ठरावीक मात्रेपलीकडे परिणाम वाढण्याऐवजी उलट घटू शकतो.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढू शकते. त्याने घाबरून यंत्र बाजूला ठेवू नये, आणि चार ते सहा महिने होईपर्यंत निकालही लावू नये. तोवर आरसा फसवतो, म्हणून महिन्यातून एकदा फोटो काढावा. तो खिडकीपाशी काढू नये: आषाढातल्या ढगाळ उजेडात टाळू झाकलेली दिसते आणि मार्गशीर्षातल्या लख्ख उन्हात तीच उघडी पडते. घरातल्या एकाच ट्यूबलाइटखाली, कोरड्या केसांचा, एकाच ठिकाणी भांग पाडून, तेवढ्याच अंतरावरून फोटो घेतला तरच तुलनेला अर्थ राहतो.

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनसारखी, प्रकाशाला त्वचा संवेदनशील करणारी औषधे चालू असतील, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल किंवा टाळूवर संशयास्पद गाठ वा डाग असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे उपचार घेऊ नयेत. गरोदरपणातही टाळणे बरे. गडद त्वचा हा प्रकाश अधिक शोषते, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी पहिल्या काही वेळी टाळू गरम होते का, चुरचुरते का, याकडे लक्ष द्यावे व तसे झाल्यास थांबावे.

डॉक्टरांनी दिलेले मिनॉक्सिडिल किंवा पुरुषांच्या केसगळतीसाठीचे फिनास्टेराइड हे औषध ‘आता यंत्र आहे’ म्हणून परस्पर बंद करू नये. यंत्र थांबवल्यावर मिळालेला फायदाही हळूहळू ओसरतो, म्हणून हे काम वर्षानुवर्षे जमेल का, याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. सहा महिन्यांनी फोटो डॉक्टरांना दाखवून पुढे चालू ठेवायचे की नाही ते ठरवावे. वडील आणि मुलगा एकच टोपी वापरणार असतील तर आतला भाग प्रत्येक वेळी पुसून घ्यावा, आणि निदान मात्र दोघांचेही स्वतंत्र करून घ्यावे.