व्हॅल्युअर घर बघायला येण्याआधी

घरातलं माणूस गेल्यावर कपाट उघडायलाही हात धजत नाही, आणि नेमकं तेव्हाच घराची किंमत काढायचा विषय निघतो. आई गेल्यावर आम्ही भावंडं यातून गेलो, त्यातून हाती आलेली ही तयारी.

व्हॅल्युअरला, म्हणजे घराची किंमत काढून देणाऱ्या तज्ज्ञाला, फोन करण्याआधी सगळ्या वारसांनी एकदा बसून मूल्यांकन कशासाठी हवंय आणि कोणत्या तारखेचं, हे ठरवून घ्यावं. अख्खा अहवाल या तारखेवर उभा असतो. ब्रिटन-अमेरिकेत वारशावरच्या करासाठी साधारणपणे मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत धरतात. भारतात असा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९८५ मध्येच गेला. पण वारशाचं घर विकताना, मूळ मालकाने ते १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल, तर भांडवली नफ्याच्या हिशेबात खरेदीकिमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. आपसात वाटणी करायची तर बहुतेकदा आजची किंमत लागते. दोन कामं असतील तर दोन तारखा आधीच सांगाव्यात.

मग कागद काढावेत. खरेदीखत, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची पावती, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत, भाडेकरू असेल तर त्याचा करार. खरेदीखतावर नाव एकट्याचं आहे की जोडीने, ते नीट पाहावं. गेलेल्या माणसाचा हिस्सा अर्धाच असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगावं. घरावर कर्ज असलं म्हणून घराची किंमत कमी होत नाही, ते इस्टेटीच्या हिशेबात वेगळं वजा होतं. आणि कराच्या पावतीवरचा आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. यावरून भावंडांत विनाकारण वाजतं.

दुरुस्तीच्या पावत्या मात्र चिकाटीने शोधा. आमच्याकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल स्वयंपाकघरातल्या खणात, औषधांच्या चिठ्ठ्यांखाली सापडलं. त्यावर आईच्या अक्षरात तारीख होती, म्हणून ते काम तिच्या हयातीतलंच हे दाखवता आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घर आवरण्याआधी, रंग देण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे, छताचे, बाथरूमच्या फरशीचे, आणि कपाट सरकवून त्यामागच्या भिंतीचेही. आम्ही चांगल्या हेतूने आधी रंगारी बोलावला. कपाटामागे हातभर ओलीचा डाग होता, तो रंगाखाली गेला. मृत्यूच्या दिवशी घर कशा अवस्थेत होतं हे नंतर तोंडी सांगत बसावं लागलं, आणि तोंडी सांगण्याला पुरावा नसतो.

व्हॅल्युअर नातलग नसावा, घर विकून देणारा एजंटही नसावा. त्याची फी ठरावीक असावी, घराच्या किमतीच्या टक्क्यांत नको. नाहीतर आकडा फुगण्यात त्याचाच फायदा. मागच्या तारखेचं मूल्यांकन पूर्वी केलंय का, हे विचाराच. त्यासाठी त्या तारखेच्या आसपास झालेले शेजारपाजारचे व्यवहार पाहावे लागतात, आजचे भाव तिथे उपयोगाचे नाहीत. शक्य असेल तर सगळ्या वारसांनी मिळून एकच माणूस नेमावा आणि तसं लेखी ठेवावं.

तो येईल त्या दिवशी घराची माहिती असलेलं कुणीतरी एकजण हजर असावं. माळा, गच्ची, कुलूपबंद खोली, सगळ्यांच्या किल्ल्या हाताशी हव्यात. गळती, वाळवी, परवानगीशिवाय केलेलं बांधकाम, काहीही लपवू नका. त्याने किंमत कमी दिसेल, पण पुढे अहवालावर बोट ठेवलं जाणार नाही.

अहवाल आला की आधी क्षेत्रफळ तपासा. कार्पेट (भिंतींच्या आतलं) आणि बिल्टअप (भिंतींसकट) यांत गल्लत झाली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. मग तारीख, मालकाचं नाव आणि तुलनेला घेतलेली घरं पाहा. चूक दिसली तर लेखी कळवा. दुरुस्त झालेली प्रत सगळ्या भावंडांना एकाच दिवशी पाठवा, दूर राहणाऱ्यालाही.