सुरूच्या फांदीत रुतलेली तार

आमचं घर गुहागरला, सुरूच्या बनाला लागून. पाइन इथल्या उकाड्यात मला जगवता आला नाही, म्हणून बोन्सायला सुरूच घेतला. दिसायला तसाच, पण त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या बारीक हिरव्या डहाळ्या. मे महिन्यात फांदीला बाक द्यायला तिच्या एक-तृतीयांश जाडीची अॅल्युमिनियमची तार 45 अंशांत गुंडाळली. पावसात फांदी झपाट्याने भरली आणि श्रावणात बघतो तर तार सालीत रुतलेली! उलगडायला गेलो तर साल सोलून निघाली, आतलं ओलं हिरवं दिसलं. जीव हळहळला. हात आवरला, कटरने एकेक वेढा वेगळा कापून तुकडे अलगद उचलले. आता पावसाळ्यात दर आठवड्याला तार तपासतो. सालीला घट्ट बसायला लागली की काढायची, गरज पडली तर नवी जरा बाजूने गुंडाळायची. वळ अजून आहेत, पण फांदीने बाक धरलाय.