लेखी परवानगी आधी, तिकीट नंतर

सरकारी कामातल्या अनुवादकांच्या आणि दुभाष्यांच्या परिषदेला जायचं ठरलं की पहिलं काम नावनोंदणी नव्हे, तिकीट नव्हे, स्लाइड्स तर नव्हेतच. पहिलं काम लेखी परवानगी. आपल्या कामाबद्दल बाहेर काय बोलता येईल, काय दाखवता येईल, खात्याचं नाव घेता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर किंवा ईमेलमध्ये हाताशी हवीत. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं होतं. म्हणून जे बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात आठवतात ते इथे सगळ्यांत वर ठेवलं आहे आणि पुढेही पुन्हा पुन्हा येणार आहे.

परिषदेच्या तारखेपासून मागे मोजा आणि किमान सहा आठवडे आधी अर्ज करा. सत्र घेणार असाल तर त्याहून बरंच आधी, कारण आयोजक गोषवारा काही महिने अगोदर मागतात आणि गोषवारा कार्यक्रमपत्रिकेत छापला गेला की तेही बाहेर बोलणंच झालं. गोषवाऱ्याची परवानगी वेगळी, आणि ती गोषवारा पाठवण्याच्या आधी.

परवानगी एकाच दारातून मिळत नाही. नोकरीत असाल तर थेट वरिष्ठ, मग गोपनीयता किंवा सुरक्षा पाहणारा विभाग, आणि बऱ्याच ठिकाणी जनसंपर्क विभागही. कंत्राटावर असाल तर गुंता वाढतो: करार एजन्सीशी असतो आणि काम खात्याचं. एजन्सीनं 'आमची हरकत नाही' असं कळवलं तरी खात्याची हरकत उरतेच, कारण मजकूर खात्याचा आहे. दोघांचंही लेखी घ्या. करारातलं गोपनीयतेचं कलम काढून वाचा. काम संपल्यावरही बंधन किती काळ राहतं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि पुष्कळ करारांत त्याला मुदतच नसते. म्हणजे कधीच संपलेल्या नेमणुकीतलं उदाहरण द्यायचं झालं तरी जुन्या खात्याला विचारावं लागतं.

वरिष्ठ जिन्यात भेटले आणि 'जा की, काय हरकत आहे' म्हणाले, ही परवानगी नव्हे. ती जायची परवानगी झाली, बोलायची नाही. रजा मंजूर झाली, प्रवासखर्च मंजूर झाला, हीसुद्धा बोलायची परवानगी नव्हे. लेखी घ्या.

अर्ज मोघम लिहू नका. 'अनुवादाच्या अनुभवाविषयी बोलणार आहे' असं लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं, किंवा येतच नाही. सोबत प्रत्यक्ष वस्तू जोडा: गोषवारा, स्लाइड्सचा पूर्ण मसुदा, स्लाइडखाली स्वतःसाठी लिहिलेली टिपणं, वाटायचा कागद, चार ओळींचा परिचय, बायोडेटा, व्हिजिटिंग कार्डावरचा मजकूर. मग प्रश्न असे विचारा की उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच द्यावं लागेल. खात्याचं नाव परिचयात लिहू का? कोणत्या भाषांत काम करतो ते सांगू का? सत्राचं चित्रीकरण होऊन ते सर्वांसाठी खुलं होणार आहे, ते चालेल का? हा चित्रीकरणाचा प्रश्न हमखास सुटतो. नावनोंदणीच्या अर्जातच चित्रीकरणाला संमती घेतलेली असते आणि आपण न वाचता खूण करून टाकतो. पन्नास जणांसमोर बोलायला दिलेली परवानगी इंटरनेटवर कायम राहणाऱ्या चित्रफितीला लागू होत नाही.

आणि परवानगी मिळाल्यावर स्लाइड बदललीत तर ती परवानगी त्या स्लाइडपुरती संपली. एक आकडा, एक उदाहरण, एखादं चित्र, काहीही. बदललेली स्लाइड पुन्हा पाठवा. म्हणूनच सहा आठवडे: एक फेरी मसुद्याची, एक दुरुस्तीची, आणि मधे कोणीतरी रजेवर असतंच.

आता कामाचे नमुने. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, आणि त्या प्रामाणिक माणसांच्या हातून होतात. खऱ्या कामातला उतारा घ्यायचा, नावं आणि क्रमांक काळे करायचे आणि तो नमुना म्हणून दाखवायचा, हे करू नका. नावं गेली तरी भाषेची जोडी, महिना, गुन्ह्याचा किंवा अर्जाचा प्रकार आणि अधिकाऱ्याचा हुद्दा उरतो, आणि एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. भाषा कमी लोकांची असेल तर नुसती भाषाच पुरते. एखाद्या भाषेत एका खात्याकडे वर्षाला दोनतीनच प्रकरणं येत असतील, तर 'मी या भाषेत आश्रयअर्जाच्या मुलाखती केल्या' या वाक्यातच अर्जदार दिसायला लागतो. त्या माणसाचं गावी कोणीतरी उरलेलं असतं. हे विसरू नका.

नमुना नव्यानं करा. सर्वांसाठी खुला असलेला मजकूर घ्या: प्रसिद्ध झालेला कायदा, जाहीर निकालपत्र, संसदेच्या कामकाजाचा छापील वृत्तांत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचे ठराव सहा अधिकृत भाषांत मिळतात. त्यांतला २०१७ सालचा ७१/२८८ हा ठराव तर अनुवादाच्या व्यवसायाविषयीच आहे आणि ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन त्यानंच मान्य केला. अडीचशे ते तीनशे शब्द पुरे. खाली दोन अवघड संज्ञा घेऊन, हाच पर्याय का निवडला आणि दुसरा का सोडला, ते चार ओळींत लिहा. जाणकार नजर आधी त्या चार ओळींवर जाते.

परिभाषेच्या याद्या आणि ट्रान्सलेशन मेमरी (मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद जोडीनं साठवणारा संगणकातला साठा) यांचंही तसंच. तुम्ही रात्री जागून बांधलेली शब्दावली तुमचीच आहे असं वाटतं, पण ती खात्याच्या कागदांवरून बांधली असेल तर ती कोणाची हे करार ठरवतो. मेमरी दुसऱ्याला देता यावी म्हणून काढतात ती टीएमएक्स फाइल तर कोणालाच देऊ नका: तिच्यात पूर्ण वाक्यं असतात, आणि वाक्यांमागे ती कोणी आणि केव्हा केली याची नोंदही राहते. सहकाऱ्यांशी संज्ञा वाटून घ्यायच्या असतील तर सुटी संज्ञा, तिचा पर्याय आणि एखाद्या जाहीर दस्तऐवजातला वापर, एवढंच द्या. याचीही परवानगी त्याच अर्जात मागा, वेगळा अर्ज नंतर होत नाही.

परिचय. तीस सेकंदांत सांगता येईल असा तयार करा आणि मोठ्यानं म्हणून पाहा. कुठून कुठे काम करता ती दिशा आधी सांगा. 'मला चार भाषा येतात' यातून काहीच कळत नाही. एआयआयसी या परिषद-दुभाष्यांच्या जागतिक संघटनेची ए, बी, सी ही वर्गवारी बहुतेकांना ठाऊक असते: ए म्हणजे मातृभाषा किंवा तिच्या तोडीची, बी म्हणजे जिच्यात आपण बोलून भाषांतर करतो पण जी मातृभाषा नव्हे, सी म्हणजे जिच्यातून करतो पण जिच्यात करत नाही. अमेरिकी सरकारी कामात आयएलआर या तिथल्या सरकारी खात्यांच्या भाषाविषयक गटाची, भाषा किती येते ते सांगणारी शून्य ते पाच अशी श्रेणी चालते, मधल्या 'प्लस' पायऱ्यांसह. मान्य परीक्षा दिली नसेल तर श्रेणी स्वतःच लावून घेऊ नका. पहिल्याच जाणकार प्रश्नाला ती उघडी पडते. मग कामाचा प्रकार: सायमल्टेनियस (वक्ता बोलत असतानाच), कन्सेक्युटिव्ह (तो थांबल्यावर, टिपणांवरून), कागद पाहून तोंडी भाषांतर, की लिखित. मग क्षेत्र: न्यायालय, आरोग्य, करार, संरक्षण खरेदी, जे असेल ते. सुरक्षा-पडताळणीची पातळी बायोडेटात किंवा समाजमाध्यमांवर लिहायची की नाही, हे आपणहून ठरवू नका. कित्येक खाती ते लिहायला मनाई करतात. विचारा. लेखी.

सत्रं निवडताना दिवसाला तीनपेक्षा जास्त घेऊ नका, आणि त्यांतलं एक तरी हात चालवायला लावणारं हवं: कन्सेक्युटिव्हची टिपणं, आकडे पकडणं, कायदेशीर मजकुराचं तोंडी भाषांतर. अशा कार्यशाळांना जागा मोजक्या असतात आणि नोंदणी वेगळी असते. मानकांवर सत्र असेल तर जरूर बसा, पण आधी त्यांची तोंडओळख करून घ्या. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं १७१०० (२०१५) हे मानक लिखित अनुवादाचं आहे आणि दुसऱ्या व्यक्तीनं मूळ मजकुराशी ताडून तपासणी करणं त्यात अनिवार्य आहे. आयएसओ १८८४१ (२०१८) दुभाषी सेवेचं सर्वसाधारण मानक आहे, आयएसओ २०२२८ (२०१९) कायदेविषयक दुभाषी सेवेचं, आणि आयएसओ १८५८७ (२०१७) यांत्रिक अनुवादाच्या पूर्ण संपादनाचं. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. 'तपासनीस कशाला हवा, तुम्हीच पुन्हा वाचा' असं कार्यालयात कोणी म्हणालं की १७१०० पुढे ठेवता येतं. एकट्यानं दोन तास बूथमध्ये, म्हणजे दुभाष्यांच्या बंद खोलीत, बसायला सांगितलं तर बूथमध्ये दोघं असतात आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी आलटून पालटून बोलतात, ही रीत सांगता येते. थकलेला दुभाषा चुकतो आणि आपण चुकतोय हे त्याच्या लक्षात येत नाही, म्हणून ती रीत आहे.

प्रशिक्षणाच्या तासांचं प्रमाणपत्र लागणार असेल तर त्यावर नाव, तारीख, सत्राचा विषय आणि तास, चारही असतील ना ते आयोजकांना आधीच विचारा. अमेरिकेतल्या एटीए या अनुवादक संघटनेचं प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत वीस गुण लागतात, ऑस्ट्रेलियाच्या नाटी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचंही दर तीन वर्षांनी नव्यानं मिळवावं लागतं. तास न लिहिलेला कागद अशा वेळी उपयोगाचा नाही.

फाइली साफ करा. लपवलेल्या स्लाइड्स, बदलांच्या खुणा, समासातल्या टिप्पण्या, फाइलच्या गुणधर्मांतलं खात्याचं नाव, स्लाइडवरच्या तक्त्यामागे चिकटून आलेली अख्खी वर्कशीट. पडद्याचं छायाचित्र लावलं असेल तर कडेला दिसणारी फाइलींची नावं वाचून पाहा. प्रकरणाचा क्रमांक बहुतेक वेळा तिथेच सापडतो. साफ केलेली फाइल पीडीएफमध्ये काढा आणि परवानगीसाठी पाठवताना हीच पाठवा. परवानगी एका फाइलला आणि पडद्यावर दुसरीच फाइल, असं होऊ देऊ नका.

सामान: कार्यालयाचा लॅपटॉप घरी. वापरलेली टिपणवही घरी. कोरी वही न्या. जुन्या वहीतली पानं फाडून ती वही नेली तरी खालच्या पानावर पेनाचे ठसे राहतात. बाकी कपडे, चार्जर वगैरे तुम्हाला माहीत आहे. परवानगीच्या ईमेलची छापील प्रत पिशवीत. फोनमधली पुरत नाही, कारण ती कार्यालयाच्या ईमेल-खात्यात असते आणि ते बाहेरून उघडेलच असं नाही.

सभागृहात तीन जणांना शोधा. एक, तुमच्या उलट दिशेनं काम करणारा: तुमच्या संज्ञा तपासायला त्याच्याइतका उपयोगी कोणी नाही. दोन, तुमच्याच जोडीचा, पण दुसऱ्या खात्यातला: बूथमधला जोडीदार असाच मिळतो. तीन, काम वाटणारा, म्हणजे दुभाषी विभागाचा प्रमुख किंवा नेमणुकांचं वेळापत्रक लावणारा. त्यांना विचारा: बैठकीचे कागद किती आधी मिळतात, तपासणी कोण करतं, रद्द झालेल्या नेमणुकीचे पैसे देतात का, यादीत नाव घालायची परीक्षा कशी असते. कोणालाही प्रकरणांबद्दल विचारू नका, म्हणजे तुम्हालाही कोणी विचारणार नाही असं मात्र नाही. 'हल्ली कोणत्या भाषेचं काम वाढलंय?' हा साधा वाटणारा प्रश्नही साधा नसतो; सरकार कुठे लक्ष देतंय ते त्या उत्तरातून कळतं. सत्रानंतरच्या प्रश्नोत्तरांना तर तुमची परवानगी मुळी पोचतच नाही, कारण प्रश्न आधी ठाऊक नव्हते. त्यासाठी एक वाक्य पाठ करा: 'याबद्दल मला बोलता येणार नाही, पण पद्धतीबद्दल सांगतो.' न अडखळता म्हणता येईपर्यंत म्हणा. कोणी खोदून विचारत राहिलं तर नाव आणि वेळ टिपून परतल्यावर सुरक्षा विभागाला कळवा; परदेशी संपर्कांची नोंद देणं पुष्कळ खात्यांत बंधनकारक असतं.

परतल्यावर: कार्डांवर त्याच रात्री दोन शब्द लिहा, कोण आणि कशाबद्दल. तीन दिवसांत दोनतीन ओळींचा निरोप, सगळ्यांना एकच नको. प्रमाणपत्रं एका जागी. नव्या संज्ञा शब्दावलीत, स्रोतासह. आयोजक नंतर स्लाइड्स मागतात. मंजूर झालेलीच पाठवा, आणि ती वाटायची परवानगी होती का ते पाहून. नसेल तर विचारा. पुढच्या वर्षीच्या गोषवाऱ्याची मुदत दिनदर्शिकेत लिहा, आणि तिच्या सहा आठवडे आधीच्या पानावर: परवानगीचा अर्ज.