शेवाळ खाणारा रॅबिटफिश घरी कसा सांभाळावा: नाशिककरांसाठी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडांवर केसाळ शेवाळ चढलं की दुकानात हमखास रॅबिटफिश सुचवला जातो, बहुतेकदा त्याचीच पिवळीधमक जात, फॉक्सफेस. तो शेवाळ मनापासून खातो, काही वेळा व्हॅलोनिया हे बुडबुड्यांसारखं शेवाळही. पण शेवाळ वाढतं ते पाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटमुळे. आधी खाणं कमी टाका, पाणी बदला. त्यानंतरच मासा आणा.

सुरुवात जागेपासून करा. फॉक्सफेस 20 सेंटिमीटरच्या वर वाढतो आणि दिवसभर पोहतो, त्यामुळे टाकी किमान 450 लिटरची हवी. पाणी आणि दगड धरून वजन अर्ध्या टनाच्या वर जातं. फ्लॅटमध्ये टाकी बीमजवळ किंवा भिंतीलगत ठेवा आणि आधी इंजिनिअरला विचारा.

नळाचं क्लोरिन घातलेलं पाणी थेट वापरू नका. आरओनंतर डीआय (उरलेले क्षार काढणारं) काडतूस लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ घाला (स्वयंपाकाचं चालत नाही) आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की थांबा. टाकी तयार व्हायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात रुजायला, चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य होईपर्यंत मासा आणू नका.

आता नाशिकचा खरा प्रश्न, एप्रिल-मे. बाहेर 40 अंश असताना टाकी 25-27 अंशांवर राखायची असते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर सोडलेला छोटा पंखा चांगलं काम करतो, कारण बाष्पीभवन जोरात होतं. मात्र उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याची घाला, खारट पाण्याची नको. पावसाळ्यात पंख्याचा परिणाम घटतो. परवडत असेल तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या. वीज गेली तर प्राणवायू संपू नये म्हणून बॅटरीवरचा एअरपंप घरात असू द्या.

मासा बहुधा मुंबईहून कसारा घाट चढून येतो, पिशवीत तासन्‌तास. घरी आल्यावर घाबरून तो डागाळलेला, करपल्यासारखा दिसेल. रात्री झोपतानाही तो असाच दिसतो, त्याची काळजी नको. पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं घालून त्याला सवय करा आणि महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. एका टाकीत एकच रॅबिटफिश ठेवा.

त्याला कधीही हातात धरू नका. पाठीच्या, पोटाखालच्या आणि गुदपराच्या काट्यांत विष असतं. जाळीत काटे अडकतात, म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात वळवून उचला. काटा टोचलाच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या, हात तासभर बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पाण्याचं तापमान दुसऱ्याने हात घालून पाहावं; दुखऱ्या हाताला चटका कळत नाही.

रोज नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून द्या, सोबत स्पिरुलिना (सूक्ष्म हिरवं-निळं शेवाळ) असलेलं खाद्य. दगड स्वच्छ झाले म्हणून नोरी बंद करणं ही मला दिसलेली सर्वात वाईट चूक. शेवाळ संपल्यावर पोट रिकामं राहिलं, की तो झोअँथिड (प्रवाळांसारखे छोटे जीव) आणि मऊ प्रवाळांना तोंड लावतो, आणि एकदा चव लागली की सहसा सोडत नाही.