पेरणीआधीच्या प्रशिक्षणाला रिकाम्या हाताने येऊ नका

पेरणीला महिनाभर उरला की प्रशिक्षण केंद्रात गर्दी व्हायला हवी. ती होते पाऊस पडल्यावर, आणि तोवर खत टाकून झालेलं असतं. यंदा लवकर या. येताना शेतातली माती आणि घरचं बियाणं घेऊन या. सराव त्यावरच करू.

माती परीक्षणासाठीचा नमुना खत टाकण्याआधी घ्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा 15 ते 20 सेंमी खोल खड्डा करा आणि कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडा. बांध, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा सोडा. माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या; अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा. युरियाच्या गोणीतून आणलेली माती मी कितीदा तरी परत पाठवली आहे. तो अहवाल गोणीचा असतो, रानाचा नसतो.

जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली असेल तर मालक आणि कसणारा दोघांनी मिळून या. अहवाल पाहून जमीन सुधारायला चुना किंवा जिप्सम टाकावं लागलं, तर त्याचा गुण पुढची काही वर्षं टिकतो, त्यामुळे खर्च कोणी किती उचलायचा हे आधी कागदावर आलेलं बरं.

उगवण तपासायला सोयाबीनचे 100 दाणे न निवडता मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सातव्या-आठव्या दिवशी धड कोंब आलेले तेवढेच मोजा. वाकडे, कुजके धरू नका. हेक्टरी 75 किलो बियाणं हे प्रमाण 70 टक्के उगवणीचं आहे. 60 च उगवले तर साडेसत्त्याऐंशी किलो लागेल. त्याहून फार खाली गेलं तर बियाणं बदला, उगाच जीव अडकवू नका. सहकारी संस्थेने एकत्र बियाणं घेतलं असेल तर प्रत्येक लॉट (एका क्रमांकाची खेप) वेगळा तपासा, आणि पिशवी, टॅग, पावती व मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळताना, क्रम हमखास चुकतो. बरोबर क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू संवर्धक (पिकाला उपयोगी जिवाणूंचं खत) सगळ्यात शेवटी. नंतर बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. सोयाबीनची साल नाजूक असते, तेव्हा चोळताना हात हलका ठेवा.